लाइमचा चट्टा आणि १० दिवसांचं औषध: महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांतील महाराष्ट्र मंडळांचे कार्यकारिणी सदस्य,

विषय: गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम या जिवाणूजन्य रोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यावर अँटिबायोटिक किती दिवस घ्यायचं, याबद्दल सभासदांना द्यायची माहिती

सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला, की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर गोचीड चावल्याचे फोटो येऊ लागतात आणि त्याखाली सल्ल्यांची रांग लागते. कुणी म्हणतं १० दिवस डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) घ्या, कुणी २१, कुणी चार ते सहा आठवडे, तर कुणी सांगतं की चट्टा गेला की बंद करा. यातला प्रत्येक आकडा कुठून तरी आलेला आहे आणि सांगणाऱ्याची कळकळही खरी असते. पण ज्याच्या मांडीवर चट्टा उठलाय, त्याने यातलं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर आज बऱ्यापैकी ठाम आहे. ते मंडळांनी एका आवाजात सांगावं, म्हणून हे पत्र.

उत्तर असं: लाइमचा सुरुवातीचा चट्टा असेल आणि मज्जासंस्था किंवा हृदयाची कोणतीही लक्षणं नसतील, तर डॉक्सिसायक्लिन १० दिवस. डॉक्सी चालत नसेल, तर अमॉक्सिसिलिन किंवा सेफुरॉक्झिम १४ दिवस. चट्टा आधी मावळला तरी कोर्स पुरा करायचा, आणि थकवा राहिला म्हणून तो लांबवायचा नाही. हे अमेरिकेतल्या संसर्गरोग, मज्जाविकार आणि संधिवात या तीन शाखांच्या तज्ज्ञ संघटनांनी २०२० साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

हा आकडा फक्त या चट्ट्याच्या अवस्थेला लागू आहे, म्हणून आधी चट्टा ओळखता यायला हवा. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत, बहुतेकदा आठवड्याभरात, चावलेल्या जागी लाल डाग उठतो आणि दिवसागणिक पसरत जातो. ५ सेंटिमीटरच्या पुढे गेला, की लाइमचा संशय बळावतो. तो सहसा दुखत नाही, फारसा खाजतही नाही. हात लावला तर किंचित गरम लागतो. लाइम झालेल्या दर दहापैकी सात-आठ जणांना तो उठतो. चावल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच उठलेली आणि लगेच ओसरणारी छोटी लाल गांधी ही चाव्याची साधी प्रतिक्रिया असते. तिला अँटिबायोटिक लागत नाही.

इथे एक मोठा घोटाळा होतो. प्रत्येक माहितीपत्रकावर नेमबाजीच्या फळ्यासारखा, मध्ये पांढरट आणि कडेला लाल कडं असलेला चट्टा छापलेला असतो. अमेरिकेत बहुतेक चट्टे तसे नसतातच. ते सलग लाल असतात. शिवाय ती चित्रं गोऱ्या कातडीवरची. आपल्या सावळ्या किंवा गव्हाळ कातडीवर हाच चट्टा जांभळट, तपकिरी, मार लागल्यासारखा दिसतो. काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्याच्या मागे, जांघेत असला तर तो दिसतच नाही आणि मग उपचार उशिरा सुरू होतात. उपचार १० दिवस की २० दिवस, यापेक्षा ते पहिल्या आठवड्यात सुरू झाले की पाचव्या, याने फरक पडतो. म्हणून सोपा उपाय: संशय आला, की बॉलपेनने चट्ट्याची कड आखायची, शेजारी नाणं ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. कड रेषेबाहेर गेली असेल तर ते दोन फोटो घेऊन डॉक्टरकडे जायचं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं नाही म्हणून नाराज होऊ नका. या अवस्थेत शरीराने अजून पुरेशी प्रतिपिंडं तयार केलेली नसतात, त्यामुळे निम्म्याहून अधिक लोकांची चाचणी निगेटिव्ह येते. लाइमच्या भागात राहणाऱ्या किंवा तिथे जाऊन आलेल्या माणसाच्या अंगावर ठसठशीत चट्टा असेल, तर निदान डोळ्यांनीच होतं आणि औषध त्याच दिवशी सुरू करतात. निगेटिव्ह रिपोर्ट पाहून निर्धास्त होणं ही आपल्या लोकांत वारंवार दिसणारी चूक आहे, कारण रिपोर्टवर आपला विश्वास मोठा.

आता मात्रा. मोठ्यांसाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस, म्हणजे २० गोळ्या. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १४ दिवस, म्हणजे ४२. सेफुरॉक्झिम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस, म्हणजे २८. बाटली हातात पडली, की गोळ्या मोजून घ्या. लेबलवरचे दिवस आणि आतली संख्या जुळत नसेल, तर काउंटरवरच विचारा.

मुलांची मात्रा वजनावर ठरते: डॉक्सी दिवसाला किलोमागे ४.४ मिलिग्रॅम दोन भागांत, अमॉक्सिसिलिन ५० मिलिग्रॅम तीन भागांत, सेफुरॉक्झिम ३० मिलिग्रॅम दोन भागांत. वजन कितीही असलं, तरी एका वेळचा डोस मोठ्यांच्या डोसपेक्षा जास्त नको. आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सी दिली की दात पिवळे पडतात, ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनमुळे बसलेली आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आता २१ दिवसांपर्यंतचा डॉक्सीचा कोर्स कोणत्याही वयात चालतो असं मानतात. तरीही लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना अमॉक्सिसिलिन देण्याचा प्रघात आहे आणि ते तितकंच गुणकारी आहे. ॲझिथ्रोमायसिन शेवटचा पर्याय. बाकी तिन्ही चालत नसतील तरच ते साधारण ७ दिवस देतात आणि त्यानंतर रुग्णावर जास्त बारीक लक्ष ठेवावं लागतं.

१० दिवस पुरतात, हे कशावरून? न्यू यॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चट्टा असलेल्या १८० रुग्णांचे तीन गट केले होते: १० दिवस डॉक्सी, २० दिवस डॉक्सी, आणि १० दिवस डॉक्सीबरोबर शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकचा एक डोस. अडीच वर्षांनी पूर्ण बरे असलेल्यांचं प्रमाण १० दिवसांच्या गटात ९०.३ टक्के होतं आणि २० दिवसांच्या गटात ८३.९. म्हणजे दुप्पट दिवसांनी काहीही पदरात पडलं नाही. युरोपातला जिवाणू थोडा वेगळा आहे, तिथे लाइमच्या जिवाणूचा बोरेलिया आफझेली हा प्रकार जास्त आढळतो. पण स्लोव्हेनियातल्या २०१२ सालच्या चाचणीतही १० आणि १५ दिवसांत फरक दिसला नाही. २०२३ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी एकच चट्टा असलेल्या ३०० प्रौढांवर ७ दिवस विरुद्ध १४ दिवस अशी तुलना केली आणि ७ दिवसही कमी पडले नाहीत. याचा अर्थ सभासदांनी सातव्या दिवशी थांबावं असा नाही. अमेरिकेतली शिफारस आजही १० दिवसांचीच आहे. पण १० दिवस म्हणजे जेमतेम काठावरचा उपचार, अशी ज्यांना धास्ती वाटते, त्यांना एवढं कळलं पाहिजे की त्या १० दिवसांतही हाताशी राखीव वेळ आहे.

मग बाकीचे आकडे आले कुठून? इंग्लंडमध्ये असलेल्या भावाला २१ दिवसांचं औषध मिळतं, कारण ब्रिटनच्या २०१८ च्या सूचनांत डॉक्सी २१ दिवस लिहिली आहे. पुरावा कमकुवत आहे हे मान्य करूनच त्यांनी सावध बाजू धरली. अमेरिकेतल्याही २००६ च्या जुन्या सूचनांत डॉक्सीसाठी १० ते २१ दिवसांची मुभा होती, त्यामुळे काही डॉक्टरांचा हात अजून १४ किंवा २१ वर जातो. डॉक्टरांनी १४ लिहिले असतील तर १४ घ्या. चार दिवसांसाठी वाद घालण्यात अर्थ नाही. १४ ते २१ आणि २८ हे आकडे रोगाच्या पुढच्या अवस्थांचे आहेत: चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली किंवा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम झाला तर १४ ते २१ दिवस, गुडघा सुजला तर २८. शेजारणीच्या सुजलेल्या गुडघ्याचा कोर्स तुमच्या चट्ट्याला लागू पडत नाही.

चार ते सहा आठवड्यांचा सल्ला लाइमवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका वेगळ्या संघटनेचा, २०१४ सालचा. हा वाद अमेरिकेत कोर्टकचेरीच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. कनेक्टिकटच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरलनी २००६ च्या सूचना कशा तयार झाल्या याची चौकशी केली. २००८ मध्ये समझोता झाला, स्वतंत्र समितीने प्रत्येक शिफारस पुन्हा तपासली आणि २०१० मध्ये त्या सगळ्या ग्राह्य ठरवल्या. लांब उपचारांच्या बाजूने बोलणारे बरेच जण स्वतः खूप सोसलेले असतात, त्यांची हेटाळणी कुणीही करू नये. पण चट्ट्याच्या अवस्थेत जास्त दिवस औषध घेतल्याने पुढचा त्रास टळतो, असं कुठल्याही चांगल्या चाचणीत दिसलेलं नाही. त्रास रेंगाळलेल्या लोकांवरही ते करून पाहिलंय. नेदरलँड्समध्ये २८० जणांना आधी दोन आठवडे शिरेतून औषध देऊन मग काहींना आणखी १२ आठवडे अँटिबायोटिक आणि काहींना नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या. २०१६ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा दोघांची तब्येत सारखीच होती. उलट लांब कोर्सने आतड्यात क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूचे जुलाब लागू शकतात, आणि शिरेत महिनोन्‌महिने नळी ठेवलेल्यांना रक्तात गंभीर जंतुसंसर्ग झाल्याची नोंद आहे.

आणखी एक आकडा म्हणजे एकच डोस. गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत, ती काळ्या पायांची हरणावरची गोचीड असेल, ३६ तासांहून अधिक चिकटलेली असेल आणि तुमच्या भागात लाइम असेल, तर मोठ्यांना डॉक्सीचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. तो रोग होऊ नये म्हणून. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी हीच डॉक्सी देतात, त्यामुळे आपल्या लोकांना हा प्रकार ओळखीचा वाटतो आणि चट्टा उठल्यावरही ते दोन गोळ्या घेऊन मोकळे होतात. चट्टा उठला म्हणजे संसर्ग झालेला आहे. तिथे एक डोस पुरत नाही.

लवकर थांबवणं जास्त घातक का, तेही सांगितलं पाहिजे. हा चट्टा औषध न घेताही काही आठवड्यांत आपोआप मावळतो. औषधाने तो लवकर जातो एवढंच. त्यामुळे चौथ्या दिवशी कातडी साफ झाली, याचा अर्थ जिवाणू संपले असा होत नाही. उपचारच न मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना पुढे काही महिन्यांत सांध्यांचा त्रास झाल्याचं जुन्या अभ्यासांत दिसलं आहे. याच्या उलटही खरं आहे. दहाव्या दिवशी फिकट डाग उरला म्हणजे औषध फसलं असं नाही. तो पुढच्या एक-दोन आठवड्यांत जातो. पहिल्या २४ तासांत थंडी वाजून ताप आला आणि चट्टा अधिक भडकला, तर घाबरून औषध बंद करू नका. जिवाणू मरताना काही जणांना असं होतं आणि ते दिवसभरात उतरतं. मात्र औषध चालू असतानाही ताप दोन दिवसांहून अधिक टिकला तर डॉक्टरांना कळवा. त्याच गोचिडीने बॅबेसिया या रक्तातल्या परजीवीचाही प्रसाद दिलेला असू शकतो, आणि त्यावर डॉक्सी चालत नाही.

गोळी कशी घ्यायची, यात आपल्या घरांत सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर. डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, पूर्ण ग्लासभर. घोटभर पाण्याने घेऊन आडवं झालं, की गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो, आणि छातीत अशी आग पडते की लोक हार्ट अटॅक समजून इमर्जन्सीत धावतात. गोळीनंतर किमान अर्धा तास बसून किंवा चालत राहा. रात्रीचा डोस जेवणाबरोबर उरका, झोपायच्या क्षणी नको. चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन आणि ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या गोळ्या डॉक्सीला बांधून ठेवतात आणि ती रक्तात नीट उतरत नाही. भारतातून आलेल्या आईच्या डब्यात यातल्या निदान दोन तरी असतातच. सकाळी आठला आणि रात्री आठला डॉक्सी, कॅल्शियम आणि लोह दुपारी, ही साधी मांडणी. लोहाची गोळी १० दिवस बंदच ठेवायला हरकत आहे का, ते डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी डॉक्सीने मळमळतं, म्हणून एकादशी-चतुर्थीचा उपवास असेल तर गोळीआधी काहीतरी पोटात जाऊ द्या. डॉक्सी चालू असताना ऊन भाजतं, सावळ्या कातडीलाही. पूर्ण बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन हवं. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी रक्त तपासून घ्यावं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेणाऱ्या मुलामुलींनी डॉक्टरांना आधी सांगावं, कारण दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. एखादा डोस चुकला तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, पण एकदम दोन घेऊ नका.

चुकीचं औषध हा वेगळाच प्रश्न. चट्टा पाहून अर्जंट केअरमध्ये कधीकधी त्वचेचा साधा जंतुसंसर्ग समजून सेफॅलेक्सिन देतात. ते लाइमवर चालत नाही. सेफुरॉक्झिम चालतं. नावं जवळची वाटली तरी फरक मोठा आहे, म्हणून नम्रपणे विचारा: हा लाइमचा चट्टा असू शकतो का, आणि हे औषध लाइमवर चालतं का? दुसरी गोष्ट आपल्या बॅगेतल्या ट्यूबची. गोल चट्टा दिसला की गजकर्ण समजून भारतातून आणलेलं, स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम चोळलं जातं. त्याने लाली दबते, चट्ट्याचं रूप बदलतं, निदान हुकतं आणि संसर्ग मात्र आत तसाच राहतो.

कोर्स संपल्यावर काही जणांना आठवडे, क्वचित महिने, थकवा आणि सांधेदुखी राहते. ती हळूहळू कमी होते. सहा महिन्यांहून जास्त रेंगाळली तर दुसरं काही कारण आहे का ते डॉक्टरांनी शोधायला हवं, पण आणखी अँटिबायोटिक हे त्यावरचं उत्तर नाही. बरं झालं का हे पाहायला रक्त पुन्हा तपासू नका. प्रतिपिंडं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. पुढच्या उन्हाळ्यात नवा चट्टा उठला तर जुना रोग उलटला असं समजू नका. २०१२ मध्ये अशा रुग्णांच्या दोन्ही वेळच्या जिवाणूंचे जनुकीय प्रकार ताडून पाहिले, तेव्हा दर वेळी जिवाणू निराळाच निघाला. तो नवा चावा, आणि त्याला पुन्हा १० दिवस. तोंड वाकडं होणं, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, मान आखडून तीव्र डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर कोर्स चालू असो वा संपलेला, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उन्हाळ्यात आलेल्या आई-वडिलांसाठी दोन ओळी. ते बागेत सर्वांत जास्त वेळ असतात आणि खर्चाच्या धास्तीने बोलत नाहीत. डॉक्सीच्या २० गोळ्या इथे महाग नाहीत, व्हिजिटपुरता विमा नसला तरीही. परत जाण्याच्या आदल्या आठवड्यात चट्टा उठला तर पूर्ण कोर्सच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर द्या. पुण्यात किंवा साताऱ्यात पोहोचल्यावर चट्टा दिसला, तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं की महिन्याभरात अमेरिकेच्या ईशान्येला होतो. भारतात लाइम विरळ, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय कुणाच्या मनात ते येणार नाही. डॉक्सी तिथे सगळीकडे मिळते.

मंडळांकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. गटावर कुणी उरलेल्या गोळ्या वाटायला निघालं तर ॲडमिननी ते थांबवावं. त्या आठ-दहा गोळ्यांनी अर्धवट उपचार होतो आणि डॉक्टरकडे जाणं लांबतं. सहलीच्या निमंत्रणाखाली चार ओळी घालाव्यात: घरी आल्यावर अंग तपासा, खसखशीच्या दाण्याएवढी गोचीडही शोधा, बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढा, व्हॅसलीन किंवा पेटती काडी लावू नका. आणि माहितीपत्रकावर हा मजकूर छापावा: «पसरणारा, ५ सेंटिमीटरहून मोठा चट्टा दिसला तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. डॉक्सिसायक्लिन १० दिवस, किंवा अमॉक्सिसिलिन अथवा सेफुरॉक्झिम १४ दिवस. चट्टा गेला तरी कोर्स पुरा करा, कोर्स संपल्यावर स्वतःहून वाढवू नका.» शेजारी सावळ्या कातडीवरच्या चट्ट्याचे फोटो असावेत.

लहान गोचिडींचा जोर मे ते जुलैमध्ये असतो, म्हणून पत्रक एप्रिलच्या अखेरीपर्यंत सभासदांच्या हाती पडावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठ्या गोचिडी निघतात, तेव्हा दिवाळीच्या सुमारास तेच पत्रक पुन्हा पाठवावं. मजकूर तपासून द्यायला आणि सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,
ईशान्य अमेरिकेत काम करणारे काही मराठी डॉक्टर आणि फार्मासिस्ट